पॉइंट काढले त्या दिवशी

गेल्या रविवारी धामणगाव बढेला, आमच्या घरासमोरच्या लिंबाखाली, मी एक नवंकोरं मशीन जाळता जाळता राहिलो.

गाडी वडिलांची, अँबॅसडर. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी घेतलेली, म्हणजे आता पंचवीस वर्षांची. आधीच्या महिन्यात राजूर घाटात ती मध्येच बंद पडली... पॉइंट काळे पडले होते. काडेपेटीच्या कडेने घासले, तेव्हा कुठे निघाली.

पॉइंट म्हणजे दोन छोट्या चकत्या. त्या भिडतात, सुटतात, आणि सुटताना प्लगला ठिणगी मिळते. त्या झिजल्या की गाडीचा भरवसा संपला.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण थोरल्या भावाची मुलगी लता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बीपी वाढलेलं, बुलढाण्यालाच न्या म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं... आणि बुलढाणा म्हणजे घाट आलाच.

पुण्याच्या मित्राने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा सेट पाठवला. त्यात पॉइंटच नाहीत! चुंबकाची चकती फिरते, शेजारी एक डबी, कुणी कुणाला शिवत नाही. सोबतचा इंग्रजी कागद मी दोन दिवस बसून वहीत मराठीत उतरवला. बी.एस्सी. झालेला, शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, एवढं जमणारच...

खरं सांगायचं तर पुंजाजी मिस्त्रींना मी बोलावणारच नव्हतो. वीस वर्षं या गाडीचं सगळं काम त्यांनीच केलं, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वहिनींनी परस्पर निरोप धाडला.

"काय सर, मले न सांगता लगीन उरकून राह्यले का?" मिस्त्री काठी टेकत आले ते असं म्हणतच. मी ओशाळलो.

जुने पॉइंट त्यांनीच काढले, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. एकही स्क्रू खाली पडला नाही. मी वहीतून वाचायचं, त्यांनी लावायचं. 'काळी वायर बॉडीला', ती शेवटची मीच जोडली आणि चावीला हात घातला.

मिस्त्री तेवढ्यात बॅटरी चाचपत होते.

"थांबा सर! काळी वायर बॉडीले काऊन?"

"बॉडी मायनस असते ना, मिस्त्री."

"नव्या गाड्यायची. हिची बॉडी प्लस हाय." त्यांनी माझं बोट धरून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर ठेवलं. "जाड हाय ते प्लस. पाहा, कुठं गेलं ते?"

जाड खुंटीची वायर थेट बॉडीला गेलेली. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: बॉडी मायनस असेल तरच बसवावे. लिहिलं मी, आणि गाडीकडे पाहिलंच नाही... चावी फिरली असती तर सेट तिथेच जळाला असता.

"होईन ना भाऊ?" वहिनींनी ओट्यावरून विचारलं.

"होते ना. तुमी चहा टाका."

मिस्त्रींनी बॅटरी फिरवून मायनस बॉडीला जोडलं. ठिणगीला जोर देणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या. मग एक वायर डायनामोला क्षणभर टेकवली... चर्र! "याले बी सांगा लागते, दिशा बदलली म्हून. नाही तं उलटंच चार्जिंग करते."

डायनामोच्या लोखंडात उरणाऱ्या चुंबकत्वावर मी परीक्षेत पान भरून लिहिलं होतं. ते असं एका टेकवण्यात उलटवता येतं, हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

चावी फिरवली आणि इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. मिस्त्री बराच वेळ बॉनेटजवळ कान देऊन उभे राहिले. "कोनी कोनाले शिवत नाही, अन् ठिनगी पडते... काय डोकं हाय मानसाचं!" मी त्यांच्याकडे पाहून तेच म्हणत होतो, मनात.

मंगळवारी पहाटे लताला कळा सुरू झाल्या. मिस्त्री आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले. घाटात सगळे इंजिनाचाच आवाज ऐकत होतो... एकदाही अडखळलं नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दवाखान्यात भाऊ भेटेल त्याला सांगत होता, "आमच्या बापूनं मशीन बसवलं म्हून पोचलो." बापू म्हणजे मी. मिस्त्री शेजारीच उभे होते, हसत होते. आणि मी गप्प बसलो... दोन मिनिटं असतील, पण बसलो.

मग सगळं सांगितलं, वहीसकट. भावाने मिस्त्रींचे दोन्ही हात धरले.

"ते जाऊ द्या हो," ते म्हणाले. "पोरगी दाखवा. जवळून दाखवा, मले दुरून दिसत नाही."

त्यांनी तिची मूठ बोटांनीच चाचपून पाहिली. त्या बोटांचे आभार कसे मानावेत ते मला अजून उमगलेलं नाही... आणि त्या दोन मिनिटांची माफी कशी मागावी, तेही.