नो पेन, डॉक्टर

"आरतीला बसायचं नसतं. घरी शिकवलं नाही का?"

सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या एका कॉन्डोच्या, म्हणजे श्रीमंत सोसायटीच्या, हॉलमधला गणपती. मी अकरा वर्षांची. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू, डोक्यावर केस नाहीत. पाठ दुखत होती म्हणून खुर्चीत बसले होते. बोलणाऱ्या काकू बँकेतल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. बाबा त्या कॉन्डोत एसी दुरुस्तीला जायचे. आई तिथल्या घरांसाठी ऑर्डरचे मोदक करायची.

बाबांनी माझा दंड धरला. "ऊठ बाळा. दोन मिनिटं."

दोन मिनिटं नव्हती. पाच आरत्या, मग मंत्रपुष्पांजली. मी बाबांच्या शर्टाला धरून उभी राहिले.

प्रसादाच्या वेळी आई हळूच म्हणाली, "तिची हाडं जरा नाजूक झालीत, ताई."

काकू आईचाच मोदक खात होत्या. "मग दूध द्या हो रोज. आमची रिया बघा, हॉकी खेळते. तुम्ही लोक नुसत्या भातावर पोरं वाढवता."

"ममी, स्टॉप लाह," रिया पुटपुटली. कोणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवसापासून आईचं सुरू झालं. दूध, नाचणीचं सत्त्व, तिळाचे लाडू. औषधांनी मला मळमळायचं. मी ओकायचे, ती पुन्हा कालवायची. पाठ दुखायची ती दुखायचीच.

पुढचं लिहावं की नाही, कळत नाही. कारण ती चूक आमची. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर दर वेळी विचारायच्या, "एनी पेन?" बाबा माझ्याआधी सांगायचे, "नो पेन, डॉक्टर." मोठ्या माणसांपुढे कुरकुर करायची नाही, एवढंच ते आयुष्यात शिकले होते.

एकदा मी त्यांच्या आधी बोलले. "पेन. बॅक. एव्हरी डे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

एक्स-रे निघाला. पाठीचा एक मणका दबला होता. डॉक्टरांनी समजावलं, या आजारानं आणि उपचारातल्या स्टेरॉइडनं लहान मुलांची हाडं कमजोर होतात. दुखलं की लगेच सांगायला हवं होतं.

आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे मी दिलेल्या खाण्यापिण्यानं नाही झालं?"

मला काकूंचा राग आला. बाबांचाही. उभं राहिल्याबद्दल स्वतःचाही.

पुढच्या गणपतीला मी खुर्ची पहिल्या रांगेत ओढली. काकू म्हणाल्या, "आता बरी आहेस ना? ऊठ मग."

मी उठले नाही. "माझा मणका मोडलाय. औषधांनी. आईमुळे नाही. मी बसूनच आरती म्हणणार."

बाबा माझा दंड धरायला पुढे आले. मी म्हणाले, "नाही, बाबा."

काकूंनी माफी मागितली नाही. त्या वर्षापासून मोदकांची ऑर्डर दुसरीकडे गेली.

आता मी युनिव्हर्सिटीत आहे, घरातली पहिली. बाबांचे गुडघे गेलेत. परवा पासिर रिसच्या क्लिनिकमध्ये ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "नो पेन, डॉक्टर."

मी शेजारीच होते.

"पेन आहे, डॉक्टर. लिहून घ्या."