उसनी सुरमई

"माझी सुरमय खंय आसा?"

माझ्या सायबर कॅफेच्या दारात उभी राहून आवडू ओरडत होती. आवडू मासळी बाजारात मासे विकायची आणि चार जणींचा आवाज एकटी काढायची. त्या बुधवारी तिचं ओरडणं बाजारपेठेतून थेट एसटी स्टँडपर्यंत गेलं आणि देवगडला निघालेली गाडी कंडक्टरनं घंटी न मारताच थांबली, असं मी लोकांना सांगतो. अजून कुणी ते खोडून काढलेलं नाही. आत कोपऱ्यात चॅटिंग करणारी कॉलेजची मुलं नाकाला रुमाल लावून बसली होती. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. आणि माझ्या नव्या कोऱ्या स्कॅनरच्या काचेवर, पारदर्शक पिशवीत गुंडाळलेली आवडूची सुरमई आरामात पहुडली होती. झाकण बसत नव्हतं म्हणून तिच्या अंगावर जुन्या छत्रीचं काळं कापड. शेजारी खुर्ची ओढून बसलेले करवंटीआपा, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

"वायच थांब गो," आपा म्हणाले. "तोंड झाला, पोट झाला. शेपटी तेवढी रवली."

सुरमई हातभरापेक्षा लांब आणि स्कॅनरची काच कागदाएवढी, त्यामुळे तिचं चित्र हप्त्याहप्त्यानं घ्यावं लागत होतं. आवडूकडून ती आपांनी विकत आणली नव्हती. "आत्ता हाडून देतंय" म्हणून उसनी आणली होती. मालवणात माणसं साखर उसनी आणतात, दाराची कडी बसवायला स्क्रू-ड्रायव्हर उसना आणतात. पण मासळी बाजारातली ताजी सुरमई फोटो काढून परत देण्याच्या बोलीवर उसनी आणणारा माणूस त्याआधी झाला नाही आणि पुढे होण्याची शक्यता नाही.

आपा नारळाच्या करवंटीपासून दिवे, वाट्या, गुंड्या, केसांचे चाप असं काय काय करायचे आणि पर्यटकांना विकायचे. नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते मतदार यादीपुरतं. लोकांनी खोबरं खाऊन करवंटी चुलीत घालायच्या आत आपा दारात हजर असत. ते कंजूष होते असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांच्या घरी जेवायला बसलेला माणूस उठताना भिंत धरून उठायचा. चांगली करवत, चांगलं पॉलिश यांवर ते मुकाट पैसे टाकत. पैसे सुटायचे नाहीत ते एकाच गोष्टीवर, कॉम्प्युटरमधल्या नक्षीवर. डिझाइन, फाँट, क्लिपआर्ट यांतलं काहीही विकत घ्यायचं म्हटलं की आपा हाताचा पंजा उघडून रिकामा दाखवत. "हातात धरूक येना नाय, तेका पैशे कसले रे?"

पण नक्षी तर हवी होती. पर्यटक बदलले होते, नुसत्या गुळगुळीत वाटीकडे कुणी बघत नव्हतं. मग आपा माझ्या कॅफेत येऊ लागले. तासाचे पैसे लागतात म्हटल्यावर घरूनच मनात सगळं जुळवून येत आणि आल्या आल्या फर्मान सोडत, "येलबुट्टी काढ, लवकर." पडद्यावर वेलबुट्टी उमटली की पिशवीतून बटर पेपर निघायचा, तो थेट मॉनिटरच्या काचेवर चिकटायचा आणि आपा पेन्सिलीनं ती नक्षी गिरवायला लागायचे. प्रिंटचे पैसे वाचले. माझ्या मॉनिटरवर पेन्सिलीच्या एवढ्या रेघा उठल्या की नंतर तिथं बसणाऱ्या मुलांना प्रत्येक वेबसाइटवर फुलं दिसायची. एकानं तर अकरावीचा निकाल वेलींच्या आडून वाचला आणि नापास असताना पास समजून पेढे वाटले.

पुढे त्यांनी बाजारातल्या कारागिरांची भिशी काढली. शंखशिंपल्यांच्या फ्रेमा करणारी, लाकडी खेळणी रंगवणारा, मडकी करणारा आणि स्वतः आपा अशा चौघांनी वर्गणी काढून क्लिपआर्टची एक सीडी कोल्हापुराहून मागवली. ती आळीपाळीनं एकेकाच्या घरी राहायची असा करार. कॉम्प्युटर चौघांपैकी कुणाकडेच नव्हता, त्यामुळे सीडी नुसती वस्तीला जायची. एका घरी तिला हळदकुंकू लागलं. दुसऱ्या घरी पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून ती तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली होती, आणि माझ्या ड्राइव्हमध्ये घालताना आधी चार दाणे खाली पडले. वापरायची वेळ आली की चौघं मिळून येत, आणि एकाच कागदावर सगळ्यांची नक्षी बसवून घेत. शिमग्याच्या आधीच्या एसटीत माणसं बसतात तशी. हत्तीच्या सोंडेखाली मोर, मोराच्या पायात कमळ. "मधी जागा आसा, थय चाप मावतलो," म्हणत आपा कागदाचा पांढरा भाग शोधत राहायचे.

तरी या माणसाचा एक नियम होता. एकदा एका विकाऊ डिझाइनच्या साइटवरचा नमुना त्यांनी गिरवून नेला. त्या नमुन्यावर आडवा इंग्रजी शब्द छापलेला होता, फुकट्यांनी चोरू नये म्हणून. आपांना तीही नक्षीच वाटली. त्यांनी अख्ख्या वाट्यांच्या वाट्यांवर मोठ्या निगुतीनं 'सॅम्पल' कोरलं. पुण्याच्या बायकांनी त्या हातोहात उचलल्या. मी अर्थ सांगितल्यावर मात्र आपांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "फुकट असलेला सोडूचा नाय, पण दुसऱ्याचा उचलूचा नाय." उरलेल्या वाट्या त्यांनी घरी ठेवून घेतल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक चित्राखालची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेऊ लागले. हे खरंच फुकट आहे ना, असं ते दोनदा विचारत. एकदा लाजेपोटी आणि एकदा खात्रीसाठी, असा माझा हिशेब.

आता सुरमईकडे येतो. तारकर्लीच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट उभं राहत होतं. मालक मुंबईत वाढलेला, पण मूळ इथलाच. त्यानं प्रत्येक खोलीला एकेका माशाचं नाव द्यायचं ठरवलं होतं आणि प्रत्येक खोलीत त्या माशाच्या नक्षीचा करवंटीचा दिवा हवा होता. दिवा लावला की भोकांतून उजेड पडून भिंतीवर मासा उमटायला हवा. आपांच्या आयुष्यात एवढी मोठी ऑर्डर आली नव्हती. शिवाय वेळ अशी होती की त्यांचा एकुलता मुलगा बाबल याला गोव्यातल्या मामानं हॉटेलात नोकरी बघून ठेवली होती आणि त्याची बॅग खुंटीवरून खाली आली होती. घरात आपा याबद्दल अवाक्षर बोलत नसत. माझ्याकडे मात्र बटर पेपर सरळ करता करता एकदाच बोलून गेले. "ही ऑर्डर गावली तर झिल हयच रवतलो. नायतर गोंयात जाऊन लोकांची टेबलां पुसतलो."

म्हणून आपांनी भिशीची सीडी काढून त्यातले मासे शोधले. मासे भरपूर होते. ठिपक्यांचे, लाल पोटाचे, हवेत उडी मारणारे. त्यांतला एक कोरून आपांनी नमुन्याचा दिवा केला आणि परीक्षा म्हणून आधी आवडूला दाखवला. तिनं तो उलटासुलटा केला. "ह्यो आमच्या दर्यातलो नाय," ती म्हणाली, "आणि खयच्याय दर्यातलो असलो तरी आजारी आसा." मालकानंही तेच सांगितलं, फक्त प्रमाण मराठीत. आपल्या माणसांनी खोलीत येऊन हसायला नको, म्हणाला, आणि शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. मी कोल्हापूरच्या एका डिझायनरला फोन लावला. इथले मासे काढून द्यायचा त्यानं सांगितलेला आकडा मी आपांना ऐकवला, आणि ते बाकावर असे बसले की मी पाण्याचा तांब्या आणायला धावलो. तेवढ्या पैशात, ते म्हणाले, मासा काय, होडी येईल. मग बराच वेळ ते माझ्या स्कॅनरकडे बघत राहिले. मी त्यावर एका मुलाचा दाखला ठेवला होता. काचेवर ठेवलेली वस्तू जशीच्या तशी आत जाते का, एवढंच त्यांनी विचारलं. मी भोळेपणानं हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, ते बाजार घेऊनच आले. बांगडा, सरंगा, तारली, बोंबील हे आपले विकतचे. ते नाहीतरी घरी न्यायचेच होते, त्यामुळे डिझाइनचा खर्च शून्य आणि दुपारची आमटी वेगळी, असं त्यांनी मला समजावलं. सुरमई तेवढी परवडण्यातली नव्हती म्हणून उसनी. आवडूला गिऱ्हाईक भेटलं आणि ती सुरमई मागत आली, तिथून ही गोष्ट मी सुरू केली. तिसरा हप्ता चालू असताना, उजेडाची पट्टी शेपटीखालून सरकत असताना, आवडूनं आत घुसून मासा ओढला. सुरमई गेली. पडद्यावर शेपटी उमटली ती वाकडी, फराटा मारल्यासारखी. आपा म्हणाले, रवांदे तशीच. माझ्या कॅफेला पुढे महिनाभर असा वास होता की चॅटिंगवर पलीकडची मुलगी विचारायची, तू मालवणचा का?

स्कॅनवरून मी रेघा काढून दिल्या, आपांनी रात्रंदिवस कोरलं, आणि शुक्रवारी माझ्या मोटरसायकलवर मागे बसून, पोटाशी दिव्यांची पिशवी धरून ते तारकर्लीला आले. मालकानं पडदे ओढले. एकेक दिवा लागला. त्यानं स्वयंपाकघरातल्या म्हाताऱ्या आचाऱ्याला बोलावलं आणि भिंतीकडे बोट केलं. आचारी उंबऱ्यातूनच, कंटाळल्यासारखा, वाचत गेला. बांगडो. सरंगो. तारली. बोंबील. शेवटच्या दिव्याशी तो थबकला आणि दोन पावलं आत आला. "सुरमय," म्हणाला, "आणि जिती आसा." वाकड्या शेपटीमुळे ती भिंतीवरून पोहत निघाल्यासारखी दिसत होती. ऑर्डर तिथंच पक्की झाली.

गेल्या वर्षी आपा गेले. माझा कॅफेही त्याच्या जरा आधी बंद पडला. लोकांच्या घरी इंटरनेट आलं, आता मी छपाईचं दुकान चालवतो. कुणी धंद्यासाठी महागाचं डिझाइन मागायला आला की मी आधी विचारतो, तुमच्या घरात, परसात, बाजारात काय आहे ते घेऊन या बघू. मध्यंतरी एक बाई कोकमाची फांदी घेऊन आली. लोणच्याच्या बरणीवर ती अशी काही छापली गेली की लोक लोणचं संपलं तरी बरणी टाकत नाहीत.

पण त्या शुक्रवारी आम्ही तारकर्लीहून परतलो, ते सांगायचं राहिलं. वाटभर आपा माझ्या कानात ओरडत होते. आता कारखाना मोठा करू, बाबलला नवी करवत घेऊ, जावयासारखा बसवून ठेवू त्याला. घर आलं तेव्हा बाबल पडवीत करवंटी घासत बसला होता. आपा मोटरसायकल थांबायच्या आधीच उतरले, धडपडले, सावरले आणि अंगणातूनच सुरू झाले. ऑर्डर, मालक, आचारी, सगळं एका दमात. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले, "आता गोंयाक जाऊची गरज नाय तुका."

बाबलनं करवंटीवरची धूळ फुंकली.

"मामाक मी सोमवारीच नाय म्हणान कळवलंय," तो म्हणाला. "तुमी माका इचारलातच खंय?"