आत्याची रजिस्ट्री

आमच्या टेबलाचा एकच नियम आहे: लिहिणाऱ्यानं लिहावं, विचारू नये. वडवणीत रजिस्ट्री ऑफिससमोर, पत्र्याच्या शेडखाली माझे चुलते अण्णा दस्त लिहितात. बी.कॉम. झाल्यापासून लॅपटॉप मी सांभाळते. पहिल्याच दिवशी त्यांनी हा नियम सांगितला आणि वर म्हणाले, "ह्याच्यावर कावून म्हणायचं न्हाई." कावून म्हणजे का.

अशा जागी किस्से जमायला वेळ लागत नाही. जे घरात कुणाला सांगता येत नाही, ते माणसं दस्त लिहिणाऱ्याला सांगतात. आपण ऐकायचं आणि गप्प बसायचं. मला गप्प बसता येत नाही. अण्णा गिऱ्हाइकांना माझी ओळखच "परळीचा बॉयलर" अशी करून देतात, तिथल्या वीजकेंद्रातल्यासारखी कायम तापलेली म्हणून.

यंदा किस्सा आमच्याच घरात घडला. भावकीशी जमिनीचा दावा बरीच वर्षं चालला होता. वकील म्हणाले, बहिणीचं नाव घालावंच लागतं, म्हणून आत्याचं नाव घातलं. निकालात कोर्टानं अण्णांना, माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, आणि आत्याला सारखे हिस्से दिले. दादा चाटच पडले. म्हणाले, "आपण नुसतं नाव घातलं हुतं. कोर्टानं मनावरच घेतलं की!"

आत्या दरवर्षी दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. मोळ्या उचलून तिची कंबर गेली आहे. आपल्या हिश्श्यात पत्र्याची खोली टाकायची, शेळ्या पाळायच्या आणि यंदापासून कोयता बंद, हे ती फक्त माझ्याशी बोलली. घरात मात्र वेगळंच ठरलं. स्टॅम्प ड्युटी भरून कोर्टाच्या हुकूमनाम्याची रजिस्ट्री करायची आणि त्याच दुपारी आत्यानं हक्कसोड लिहून हिस्सा भावांना द्यायचा. टायपिंग अर्थात माझ्याकडं.

*

हुकूमनामा हातात आला म्हणजे जमीन नावावर झाली, असं आमच्याकडं पुष्कळांना वाटतं. मेंढरं राखणाऱ्या एका बाबांनी तर निकालाची प्रत फ्रेम करून देवघरात लावली होती. रोज हळदकुंकू, शनिवारी हार. तलाठ्यानं सातबाऱ्याला नाव लावायला नकार दिला, तेव्हा बाबा फ्रेम काखेत मारून आमच्याकडं आले.

मी समजावलं, की ह्याला स्टॅम्प लागतो, रजिस्ट्री लागते, आणि तीही मुदतीत. नशीब, मुदत संपली नव्हती. पण बाबा फ्रेमला हात लावू देईनात. आधी टेबलावर नारळ फोडला, फ्रेमच्या पाया पडले, मगच खिळे काढू दिले.

कागद बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "जजसायबाची सही हाय. तरी वर सरकारचा स्टॅम्प कावून? सरकारचा जजवर इस्वास न्हाई का?"

अण्णांनी चहा मागवला.

*

दोन भाऊ कोर्टात इतकी वर्षं भांडले, की त्यांच्या वकिलांचे केस पिकले. वाटणीच्या रजिस्ट्रीला मात्र दोघं एकाच मोटारसायकलवर आले. धाकटा मागं, त्याच्या मांडीवर दोघांत मिळून एक डबा.

अण्णांनी विचारलं, साक्षीदार कुठायत? थोरल्यानं धाकट्याकडं बोट केलं. म्हणाला, ह्याच्याइतकी माझी खबर दुसऱ्या कुणाला असणार? धाकट्यानंही मान हलवली. त्याचा साक्षीदार थोरला.

विरोधी पार्टी साक्षीदार म्हणून चालत नाही, असं मी सांगितलं. दोघांचे चेहरे पडले. थोरला म्हणाला, "म्याडम, इरोधी कोर्टात. गाडीवर न्हाई."

*

हक्कसोडीच्या दिवशी भाऊ बहिणीला साडी घेतो, ही आमच्याकडची रीत. सही झाली की ऑफिसच्या पायऱ्यांवरच साडी खांद्यावर घालतात. बहीण रडते, भाऊ रडतो. रडणं खरं असतं, आणि मला जास्त चीड त्याचीच येते.

एकानं तीन बहिणींना एकाच रंगाच्या तीन साड्या आणल्या. थोरलीनं आपली उलगडली, दोन्ही हातांनी ताणून धरली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, पदर तोकडा हाय. माझा हिस्सा झाकत न्हाई."

सगळे हसले. भाऊसुद्धा हसला. मग तिनं सही केली.

ती असं म्हणाली तरी आपण लिहायचं का, म्हणून त्या संध्याकाळी मी अण्णांशी भांडले. ते नियम सांगायला लागले आणि मी चपला घालून घरी निघाले.

*

आणि मग आत्याची रजिस्ट्री.

सकाळी स्टॅम्प ड्युटीचं चलन भरून झालं होतं. आत फोटोसाठी आत्याला कॅमेऱ्यासमोर बसवलं. पदर कपाळापर्यंत, मान खाली. ऑपरेटर तीनदा म्हणाला, मावशी, वर बघा. ती काही बघेना. तेव्हा मागून अण्णा म्हणाले, "बाये, वर बघ. कपिलधारला माझ्या खांद्यावर बसून धबधबा बघायचीस, तसं."

आत्या हसली. हुकूमनाम्याच्या रजिस्ट्रीवर तिचा तोच हसरा फोटो छापून आला. अण्णा तो कागद हातात धरून बराच वेळ बघत होते.

जेवणं झाल्यावर सगळे टेबलाशी बसलो. अण्णा हक्कसोड सांगत होते, मी टाईप करत होते. "...सदरचा हक्क मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय..." इथं मी थांबले. विचारलं, "हे आत्याला विचारलंय?"

"त्यो मजकूर सगळ्याच दस्तात असतो," अण्णा म्हणाले.

"तिची कुठं ना हाय?" दादा म्हणाले. त्यांच्या मांडीवर साडीची पिशवी होती. "काय गं बाये?"

आत्यानं पिशवीकडं बघितलं, मग दादांकडं. आवाज अजिबात चढवला नाही. "इचारायचं हुतं, तर साडी आधीच कावून आणली, दादा?"

मी लॅपटॉप मिटला.

"अण्णा, हा दस्त मी लिहिणार नाही. दुसऱ्या टेबलावर गेलात, तर तिथं येऊन हेच विचारीन."

अण्णांनी चष्मा काढला. दादांनी पिशवी खाली ठेवली, परत मांडीवर घेतली. आत्यानं टेबलावरचा आपल्या हसऱ्या फोटोचा कागद उचलला आणि पदराखाली धरला.