वीरमातेला वंदन

बनशंकरीत आमच्या घरापासून चौथं घर रक्षिताचं. वय चौतीस. तिची आई सोयराबाई जन्मापासून बहिरी. वडील खंडोजीही बहिरे होते. ते शिवणकाम करत, सात वर्षांपूर्वी वारले. घराणं जुनं, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात येऊन राहिलेल्या मराठ्यांपैकी. पण रक्षिताची पहिली भाषा मराठी नव्हे, कन्नडही नव्हे. ती हातांची. मराठी तिला कृष्णाबाई आत्याने शिकवली आणि कन्नड गल्लीने.

सहाव्या वर्षापासून ती आईवडिलांची दुभाषी. दवाखाना, बँक, रेशनचं दुकान, सगळीकडे हे पोर मध्ये उभं. नऊ वर्षांची असताना डॉक्टरांनी खंडोजींना गोळ्या चुकवू नका म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. वडिलांना वाईट वाटू नये म्हणून हिने ते गोड करून सांगितलं. त्यांनी गोळ्या मध्येच सोडल्या आणि महिनाभर अंथरूण धरलं. तेव्हापासून तिने एक गोष्ट पक्की ठरवली. समोरचा जे बोलेल तेच आपल्या हातांतून जाईल. पुढे रीतसर प्रशिक्षण घेतल्यावर तिथेही हेच शिकवलं, पण तिला ते आधीच येत होतं.

व्हाइटफील्डकडे एका वृत्तवाहिनीचा स्टुडिओ आहे. तिथे ती कर्णबधिरांच्या बातम्या देते. मोठ्या नेत्याचं भाषण असलं की पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत काळा कुर्ता घालून उभी असते ती हीच. सोयराबाई एकही दिवस चुकवत नसत. बातम्यांत काय आहे यापेक्षा लेक दिसते, हे महत्त्वाचं.

तिचा धाकटा भाऊ रघुनंदन सैन्यात आहे. त्याला ऐकू येतं. हलसूर तलावाजवळच्या लष्करी केंद्रात त्याचं प्रशिक्षण झालं आणि तिथून तो उत्तरेला सीमेवर गेला. दर रविवारी व्हिडिओ कॉल करून तो आईशी हातांनी गप्पा मारी. मेच्या पहिल्या आठवड्यात सीमेवर वातावरण तापलं आणि त्या रविवारी फोन आला नाही. सोमवारी आला नाही. मंगळवारी रक्षिताने लावला तर तो बंद.

त्या दिवसांत भाषणांचा सपाटा लागला होता. आज हा मंत्री, उद्या तो नेता. आठवड्याभरात पाच भाषणं तिच्या हातांतून गेली. ती मला सांगत होती, "तिसऱ्या भाषणानंतर पुढचं वाक्य मला आधीच कळायला लागलं. आधी आपलं दुःख. मग आपण किती सोसलं ते. मग समोरच्याला किती संधी दिल्या. मग, आम्हाला युद्ध नको होतं, पण आमच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नाही. मग तिथल्या सामान्य माणसांशी आमचं वैर नाही. आणि शेवटी जवान."

तिची खरी अडचण वेगळीच होती. भाषणातल्या वाक्यांत माणूस नसायचा. 'कारवाई करण्यात आली.' 'तळ उद्ध्वस्त झाले.' कानाने ऐकताना ते चालून जातं. हातांना ते जमत नाही. कुणी केलं, कुणावर केलं, कुठून काय सुटलं आणि कुठे पडलं, हे हवेत मांडून दाखवावं लागतं. आपला देश ती डाव्या खांद्याशी मांडायची, समोरचा उजवीकडे. डावीकडून उजवीकडे एकदा हात गेला की तोच हात उजवीकडून डावीकडे येऊ शकतो, हे न बोलता दिसायचं. आणि डाव्या खांद्याशी, त्या हवेत, तिला रघू दिसायचा.

बुधवारी दुपारी दोनला मोठं भाषण होतं. निर्माता राजस पुण्याचा, दोन वर्षांपूर्वी इकडे आलेला. तो म्हणाला, "स्क्रिप्ट मिळालेलं नाही. लाइव्हच आहे. करशील ना?"

"करीन," ती म्हणाली. तिने तळवे कुर्त्याला पुसले.

भाषण ठरल्या वाटेने चाललं. दुःख झालं, संयम झाला, दुसरा मार्ग नसणं झालं. मग नेत्याचा आवाज खाली आला. ते म्हणाले की आपले जवान सर्वोच्च बलिदानाला सज्ज आहेत, आणि अशा पुत्रांना जन्म देणाऱ्या प्रत्येक वीरमातेपुढे मी आज नतमस्तक होतो.

रक्षिताचे हात थांबले. एखादाच सेकंद असेल. 'बलिदान' हा शब्द कानाला भारी वाटतो, हातांत आला की मरण होतो. तिने ते दाखवलं. मग जवान, त्याची आई, आणि त्या आईपुढे वाकणं.

खुणांच्या भाषेत चेहराही बोलतो. प्रश्न, राग, नकार, सगळं भुवयांतून आणि ओठांतून जातं, आणि दुभाष्याने चेहरा बोलणाऱ्याचा घ्यायचा असतो. नेत्याचा चेहरा त्या वेळी अभिमानाने भरलेला होता. रक्षिताला तो काही केल्या घेता आला नाही.

तीनच्या सुमाराला कृष्णाबाईंचा फोन आला. "रक्षिता, सोयरा तुझ्याकडे आली काय गं?"

"माझ्याकडे? इतक्या लांब कशाला येईल?"

"टीव्हीपुढं बसली होती. मी आत भाजी चिरत होते. स्वल्प वेळानं बाहेर आले तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं. फोनही इथंच पडलाय. चार गल्ल्या पालथ्या घातल्या बघ. देवळातही नाही."

रक्षिताने विचारलं, "आत्या, घरात आणखी काय हललंय? नीट बघ."

आत्या घरभर फिरून आल्या. "भिंतीवरचा रघूचा फोटो नाही. आणि लग्नाकार्याची पांढरी साडी नेसून गेलीय, कपाटात तिची घडी नाही."

तो फोटो रघूच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशीचा. त्याच्या मागे केंद्राची कमान. सोयराबाई त्या दिवशी मेट्रोने तिथे गेल्या होत्या आणि ती वाट त्यांना पाठ होती. आई कुठे गेली ते रक्षिताला कळलं, आणि का गेली तेही. जवानाच्या आईपुढे वाकणारे नेते सोयराबाईंनी टीव्हीवर अनेकदा पाहिले होते. ते नेहमी शवपेटीच्या मागून यायचे.

तिने पर्स उचलली आणि राजसला काही न सांगता निघाली.

मेट्रोत ती उभीच होती. डब्यात प्रत्येकाच्या हातात तेच भाषण चालू होतं आणि कोपऱ्यात ती स्वतः, अंगठ्याएवढी. कुणी तिला ओळखलं नाही. रस्ता ओलांडताना आई नेहमी कुणाचातरी दंड धरते. आज कुणाचा धरला असेल? गाडीचा हॉर्न तिला कळत नाही. मनात एकेक गोष्ट येत होती आणि स्टेशनं संपत नव्हती.

हलसूरला उतरून ती जिन्याच्या तळाशी पोचली आणि भोंगा सुरू झाला. हवाई हल्ल्याच्या वेळी काय करायचं याचा त्या दिवशी सराव होता. वर्तमानपत्रात आलं होतं, पण तिच्या डोक्यातून गेलं होतं. तो चढत जाणारा आवाज तिने जन्मात पहिल्यांदा ऐकला आणि हा सराव आहे हे आठवायला तिला वेळ लागला. केशरी जाकिटातले स्वयंसेवक लोकांना भिंतीकडे ढकलत होते. "कूतकोळ्ळी मॅडम, बसा," म्हणत एकाने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. रिक्षा थांबल्या, बस थांबली. लोक कानांवर हात ठेवून भिंतीला टेकून बसले. पाहता पाहता रस्ता रिकामा झाला.

त्या रिकाम्या रस्त्याच्या मधोमध एक पांढरी साडी चालली होती. काखेत पिशवी. एक स्वयंसेवक शिट्टी मारत होता, दुसरा ओरडत होता. साडी वळून बघत नव्हती.

हाक मारायचा उपयोग नव्हता. रक्षिता उठली. स्वयंसेवकाने तिचा हात धरला.

"ती माझी आई आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. "तिला ऐकू येत नाही."

त्याने हात सोडला. ती पळाली. मागून आईला धरलं तर आई दचकेल म्हणून वळसा घालून समोर गेली आणि मगच थांबली.

सोयराबाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतींना टेकलेल्या माणसांकडे. "सगळे का बसलेत?" त्यांनी हातांनी विचारलं. "रघूसाठी?"

"नाही. सराव आहे. आई, बाजूला चल."

सोयराबाई हलल्या नाहीत. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी तिच्या हातात दिला. बहिऱ्यांच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: माझा मुलगा रघुनंदन. मी त्याची आई. त्याला केव्हा आणणार?

रक्षिताने आईला ओढतच भिंतीशी नेलं. भोंगा अजून चालू होता. तिथे, कानांवर हात ठेवलेल्या माणसांच्या रांगेत, त्या दोघींचेच हात मोकळे होते.

"रघूची काही बातमी आलेली नाही," रक्षिता म्हणाली. "ते सगळ्या आयांबद्दल बोलत होते. नुसतं बोलत होते."

"मी तुझा चेहरा पाहिला."

रक्षिताने कागद आईच्या पिशवीत ठेवला.

"घाबरलेलं कोण होतं?" आईने विचारलं. "तो माणूस की तू?"

"मी."

"तो नव्हता?"

"नाही. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता."

सोयराबाईंनी विचारलं, "मग त्याने ठरवलं, आणि भ्यायचं आपण?"

रक्षिता मला म्हणाली की इतक्या वर्षांत एवढं सरळ वाक्य तिच्या हातांतून कधी गेलं नव्हतं, आणि ते कुणाला पोचवायचं तेही तिला कळलं नाही.

भोंगा थांबला. लोक कपडे झटकत उठले आणि कुणीतरी हसलं. सोयराबाई मात्र परत फिरायला तयार नव्हत्या. शेवटी दोघी केंद्राच्या फाटकाशी गेल्या. पहाऱ्यावरच्या जवानाने कागद पाहिला, फोटो पाहिला. त्याला कन्नड वाचता येईना म्हणून रक्षिताने त्याला अर्थ सांगितला. त्याने आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणि पाणी मागवलं आणि कुणालातरी फोन केला. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "अम्माजी को बोलिए, कोई खबर नहीं है. अच्छी भी नहीं, बुरी भी नहीं."

बुरी नहीं, एवढंच सांगावं असं तिला फार वाटलं. तिने दोन्ही सांगितलं. सोयराबाईंनी फोटो पदराने पुसला, पिशवीत ठेवला आणि जवानाला हात जोडले. त्या पोराने खाली बघितलं.

दुसऱ्या दिवशी राजसने तिला बोलावून घेतलं. "वरून विचारणा झालीय. भाषणात तुझे एक्स्प्रेशन्स मॅच होत नव्हते म्हणतात."

"नव्हतेच," ती म्हणाली. "भाऊ तिकडे आहे, राजस. हे संपेपर्यंत भाषणं मला देऊ नकोस. बाकी सगळं करते."

तो म्हणाला, "आधी सांगायचंस ना." पुढची दोन भाषणं मुंबईहून आलेल्या शाल्मलीने केली. तिचे हात सफाईदार होते आणि नेत्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या चेहऱ्यावर बरोबर येत होतं. सोयराबाईंनी एकच भाषण पाहिलं. "मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, आणि टीव्ही बंद केला.

चार दिवस दोघी, आत्या धरून तिघी, फोनच्या भोवती राहिल्या. सोयराबाईंनी फोन कंपनावर लावून पोलक्यात ठेवला होता. कुठे बस घरघरली तरी त्यांचा हात छातीकडे जाई. या काळात आसपासच्या गल्ल्यांतली सात-आठ बहिरी माणसं घरी येऊन गेली. सगळ्यांचा एकच प्रश्न होता: खरा भोंगा झाला तर आम्हाला कळणार कसं? रक्षिताने त्यांच्या शेजाऱ्यांची नावं लिहून घेतली, त्यांच्याकडे स्वतः गेली, आणि भोंगा वाजला तर यांच्या दारावरचा दिवा तीनदा चालू-बंद करा, असं प्रत्येकाला सांगून आली. आमच्याकडेही आली होती.

लढाई थांबल्याची बातमी आली. त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी इडल्या लावलेल्या असताना, सोयराबाई ताडकन उठल्या. पोलक्यातून फोन काढताना तो खाली पडला. रक्षिताने उचलून उघडला. पडद्यावर रघुनंदन होता, दाढी वाढलेला, डोळे आत गेलेले.

त्याने काही सांगायला हात वर केले तर सोयराबाईंनी त्याला थांबवलं. "आधी हात दाखव," त्या म्हणाल्या. "दोन्ही. पुढून, मागून."

त्याने दाखवले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून त्याची दहाही बोटं मोजली. मग पदर तोंडाला लावून त्या तिथेच जमिनीवर बसल्या, आणि आत्या इडलीचा गॅस बंद करायला धावल्या.