काकवी लावून ऐकलेलं लोखंड

कोल्हापूर स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. माझ्या कानांतून असा धूर निघाला, की गाडी तापली समजून एक ड्रायव्हर पाणी घेऊन धावला.

सोबत भाची मीनल. लोखंड न कापता त्याच्या पोटातली चीर शोधायची, हे तिचं काम. आम्ही निघालो होतो शिरोळकडे, शिवगोंडांच्या गुऱ्हाळावर. त्यांनी जुना चरक (ऊस पिळायचं यंत्र) आणला होता आणि त्यात ऊस घालणार होती त्यांची बायको, गौराक्का. शेजारच्या गुऱ्हाळात चरकाच्या रुळाचा शाफ्ट मोडून एकाचा हात गेला होता, तेव्हापासून "तपासल्याबिगर म्या म्होरं बसत न्हाय" असं तिनं बजावलं होतं.

वाटेत ऊस एवढा उंच, की ड्रायव्हरला दुपारीच दिवे लावून एसटी हाकावी लागली.

पोहोचलो, तर चरकाला हळदकुंकू, झेंडूची माळ. नारळही फुटलेला.

"मुहूर्त झालाय पावणं, आता काय तपासताय?" म्हणत शिवगोंडांनी शाफ्टवर हातोडा हाणला. त्या आवाजानं पार कर्नाटकातली म्हसरं उठून उभी राहिली असणार. "देवळाची घंटा हाय की."

"घंटाबी तडकती," गौराक्का म्हणाली.

मीनलनं पिशवी उघडली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. तिच्या तपासणी-यंत्राचा ठोकळा आणि लोखंड यांच्यात हवा राहिली, तर आवाजाच्या लहरी आत शिरत नाहीत. म्हणून मधे चिकट जेल लावतात. जेलची बाटली एसटीत माझ्या बुडाखाली शहीद झाली होती.

"काकवी (उसाचा दाट पाक) चालंल?" गौराक्कानं विचारलं.

चालली. कुंकू पुसून शाफ्टच्या तोंडाला काकवी फासली, त्यावर अंगठ्याएवढा ठोकळा टेकवला. आपल्या कानांना न पोचणारा आवाज तो लोखंडात सोडतो. आवाज पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो आणि पडद्यावर सुळका उठतो. तीनपैकी दोन शाफ्टना शेवटी एकेकच सुळका उठला. तिसऱ्याला मधेच आणखी एक.

विहिरीत हाक मारावी आणि निम्म्यातूनच कुणीतरी ओ द्यावी, तसं ते होतं. घडल्या दिवसापासून उजेड न शिरलेल्या जागेतून निरोप आला होता.

"काका, आत चीर आहे," मीनल म्हणाली.

शिवगोंडांनी ठोकळा स्वतः धरून फिरवला, पुन्हा टेकवला. सुळका तिथंच. "पर नारळ फुटलाय," ते पुटपुटले.

"नारळ बाजारात गावतोय. हात गावतोय व्हय?" गौराक्कानं सुनावलं.

शिवगोंडांनी माळ उतरवली आणि चरकाचा पट्टा काढून ठेवला.

निघताना गौराक्कानं दोन्ही हातांनी गुळाची ढेप माझ्या मांडीवर ठेवली. एसटी माझ्या बाजूला कलून घरापर्यंत आली. मला मात्र सारखे ते हातच दिसत होते. त्यांना वाचवणारा आवाज आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता.