तुम्ही पेशंटचे कोण?

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ओट्याखालच्या कप्प्यात कोंबत जाव्यात आणि एक दिवस दार उघडल्यावर सगळ्या अंगावर याव्यात, तसं होतं. आमच्या मंडळींचं तसंच झालंय. मंडळी म्हणजे तीन घरं. आम्ही सदाशिव पेठेत, तुपे शहराच्या कडेला मांजरीत आणि वानखेडे ताई खराडीत. तिघांत समान गोष्ट एकच. तिघांची मुलं जर्मनीतल्या एकाच लहानशा गावात राहतात. त्या गावाचं नाव आमच्यापैकी कोणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘तिकडे’ म्हणतो.

परवा कोपऱ्यावर चहा पिताना एका मित्राने विचारलं, “परदेशात जाऊनसुद्धा ही पोरं आपल्याच लोकांना का रे धरून बसतात?”

मी म्हटलं, “आणखी एक चहा सांग. एका कपात हे संपणार नाही.”

*

खरं तर हा प्रश्न आधी माझाच होता. माझी मुलगी मुक्ता आणि जावई निखिल तिकडे गेले, त्याला तेव्हा वर्ष झालं असेल. शनिवारी फोन केला की मी विचारायचो, आज काय बेत?

“गणेश तुपेकडे मिसळ आहे, बाबा.”

“आणि गेल्या शनिवारी?”

“अश्विनी वानखेडेकडे पुरणपोळी.”

“अगं, मग इतक्या लांब गेलात कशाला? तिथली जर्मन माणसं संपली का?”

मुक्ता माझीच मुलगी. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही जन्मापासून पुण्यात आहात. लक्ष्मी रोडच्या पलीकडचे मित्र किती तुम्हाला?”

मी मनातल्या मनात मोजले. फार वेळ लागला नाही.

“आवाज तुटतोय गं तुझा,” म्हटलं आणि फोन ठेवला!

*

मुक्ता आणि अश्विनीची ओळख कशी झाली, तेही ऐकण्यासारखं आहे. मुक्ता तिथल्या दुकानात भाजी घेत होती आणि फोनवर तिच्या आईशी, म्हणजे आमच्या सुनंदाशी बोलत होती. आजूबाजूला सगळे जर्मन, त्यामुळे आवाज मोकळा. समोर पाठमोरी एक बाई प्रत्येक वांगं उचलून, दाबून, परत ठेवत होती.

मुक्ता फोनवर म्हणाली, “आई, इथे एक बाई आहे, वांगी नुसती चिवडतेय. एक घेईल तर शपथ!”

बाई वळली. “घेणार आहो नं! भरल्या वांग्याले कवळी पाह्यजेत. तुम्ही बाजूला सरकान तर पलीकडची दिसतीन.”

मुक्ताचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार. पण तिकडे गेल्यापासून पहिल्यांदा कोणी तरी आपल्याला आपल्या भाषेत झापलं, याचा तिला इतका आनंद झाला की तिने त्या बाईला तिथेच मिठी मारली.

त्या रात्रीचं जेवण अश्विनीकडे झालं. भरली वांगीच होती.

*

मग मुक्ताला दिवस गेले. बाळंतपणाला सुनंदा जाणार, हे ठरवावंही लागलं नाही. मुक्ता पहिल्यापासून भित्री. लहानपणी इंजेक्शन घ्यायचं म्हटलं तर एका हाताने आईचा पदर धरल्याशिवाय दुसरा हात डॉक्टरांपुढे करायची नाही. तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं, “आई, बाकी काही आणू नकोस. तू ये.”

पण बाकीच्यांना हे सांगायला कोणी नव्हतं! सुनंदा तिकडे निघाली आहे हे कळताच एका दुपारी तुपे हजर. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, हातात गुळाची भली मोठी ढेप. आमची ही पहिली भेट.

“सर, घरच्या उसाचा हाय. आमच्या गणेशला द्यायचा.”

तासाभराने वानखेडे ताई आल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या, धाकट्या मुलाकडे खराडीत राहतात. त्यांनी लेकीसाठी, म्हणजे अश्विनीसाठी, मूगवड्या आणल्या होत्या, घरचं तिखट होतं, आणि एक पोळपाट!

“अहो, तिथे पोळपाट मिळत असेल की,” मी म्हटलं.

“मिळते जी. पण त्याच्यावर पोळी गोल होत नाही म्हणते.”

तुपे जीपमधून वजनकाटा घेऊन आले. विमानाची मर्यादा ठरलेली, त्यामुळे काहीतरी काढायला हवं होतं. तुपे म्हणाले, पोळपाट काढा. वानखेडे ताई म्हणाल्या, गूळ अर्धा करा. एकमेकांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलेली माणसं आमच्या हॉलमध्ये बसून भांडत होती. शेवटी सुनंदाने स्वतःच्या चार साड्या काढल्या आणि बॅग बंद केली.

“तिकडे नेसून जायचंय कुठे मला,” ती म्हणाली.

*

निघायला आठवडा उरला असताना सुनंदा जिन्यात घसरली. पाय मोडला. ऑपरेशन करावं लागणार होतं.

मी हॉस्पिटलमध्ये बाकावर बसलो होतो. मुक्ताला कळवायचं की नाही, या विचारात असतानाच तिचा नेहमीचा फोन आला आणि माझा आवाज ऐकून तिला सगळं कळलं. मग काय झालं, ते मला नंतर समजलं. मुक्ताने गणेशला सांगितलं, गणेशने वडिलांना. सदाशिव पेठेतली बातमी जर्मनीमार्गे मांजरीला गेली. माझा शेजारी खालच्या मजल्यावर टीव्ही बघत होता, त्याला अजून पत्ता नव्हता. इकडे तुपे आणि त्यांचा पुतण्या हॉस्पिटलच्या दारात उभे!

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “तुम्ही पेशंटचे कोण?”

तुपे गडबडले. पाहुणे म्हणावं तर सोयरीक नाही. मित्र म्हणावं तर एकदाच भेट, तीही गुळाच्या ढेपेपुरती.

“माझा पोरगा अन् यांची लेक एका गावात ऱ्हातात.”

“म्हणजे गाववाले?”

“हां. गाववाले.”

“कुठलं गाव?”

तुप्यांनी त्या जर्मन गावाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला. दोनदा केला. मुलगी म्हणाली, “काका, राहू द्या. जा आत.”

*

सुनंदाला घरी आणलं तेव्हा प्रश्न उभा राहिला, तिसरा मजला कसा चढायचा? आमच्या इमारतीत लिफ्ट नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय दर वर्षी निघतो आणि चहा आला की संपतो.

तुपे आणि त्यांचा पुतण्या, दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. मी मागून उशी घेऊन. पहिल्या मजल्यावरचं दार किलकिलं झालं, दुसऱ्या मजल्यावरचं पूर्ण उघडलं.

सुनंदा खुर्चीतून मान ताठ ठेवून म्हणाली, “लग्नातसुद्धा मला कोणी असं वरात काढून आणलं नव्हतं हो!”

घरात आल्यावर मात्र तिचा बांध फुटला. “मुक्ताजवळ कोण असेल हो? तिला एकटीला नाही जमायचं.”

मी म्हटलं, मी जातो.

ती रडता रडता थांबली. “तुम्ही? मग तिने बाळाला सांभाळायचं की तुम्हाला?”

तुपे दारात चपला घालत होते. ते वळून म्हणाले, “वहिनी, पोरगी काय एकट्या तुमचीच हाय व्हय?”

एक सांगतो. त्या माणसाचे उपकार मी कशानेही फेडू शकणार नाही, आणि फेडायचे म्हटलं तर त्याला राग येईल.

*

त्यानंतर महिनाभर वानखेडे ताई खराडीहून दोन बस बदलून आमच्याकडे येत होत्या. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी वळले. सुनंदा पाय उशीवर ठेवून हॉलमधून हुकूम सोडायची आणि आतून उत्तरं यायची.

“वानखेडे ताई, खारीक जास्त घाला. आणि मेथी अगदी चिमूटभर.”

“चिमूटभर मेथीनं कंबर भरते का कोनाची? वाटीभर घालते मी.”

“कडू होतील!”

“औषध हाय ते, पेढा नाही!”

लाडू वळून झाले. सुनंदाने एक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, “कडू आहेत.” मग दुसरा घेतला.

गणेशच्या ऑफिसातला एक जण सुट्टी संपवून परत निघाला होता. त्याच्या बॅगेतून लाडू तिकडे गेले. सुनंदाने बांधलेल्या बॅगेतला गूळ गेला, मूगवड्या गेल्या. पोळपाटही गेला!

आणि तिकडे? अश्विनी रोज ऑफिसातून परस्पर मुक्ताकडे जायची. गणेशची बायको सकाळचा डबा द्यायची. सुनंदा रोज अश्विनीला फोन करून सांगायची, तिचे पाय बघ, सूज आहे का. तिला गरम पाणी दे. तिच्याजवळ बस गं जरा. अश्विनी प्रत्येक वेळी एकच म्हणायची, “हो काकू, मी आहो नं.”

मित्राला मी म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला विचारशील तर एवढंच आहे. कोण कुठला, कुठल्या पेठेतला, हे तिकडे कोणी बघत नाही. इकडे आम्ही बघत होतो.

*

शेवटचा किस्सा दुपारचा आहे. मुक्ताला हॉस्पिटलमध्ये नेल्याचं कळलं, तेव्हा तुपे आणि वानखेडे ताई दोघंही आमच्याकडे येऊन बसले. चहा झाला, परत चहा झाला. सुनंदा फोन मांडीवर घेऊन बसली होती.

फोन वाजला. पडद्यावर अश्विनी. केस विस्कटलेले, डोळे लाल.

“काकू, मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

तुप्यांनी टोपी काढून हातात घेतली. सुनंदाने पहिला प्रश्न विचारला तो बाळाचा नव्हता. “मुक्ताजवळ कोण होतं?”

“मी होती. निखिल सुई पाहूनच गार पडला, त्याला बाहेर बसवलं. मी डबा घेऊन आली होती, तर मुक्तानं माझा हात धरला तो सोडेचना. नर्स म्हणाली, आत फक्त जवळचं एकच माणूस येईल. तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मग? काय सांगितलंस?”

“मी म्हटलं, मी तिची आई.”

अश्विनी मुक्तापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे.

“आणि नर्स?”

“तिनं माझ्याकडे पाहिलं. मुक्ताकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं, मुक्तानं धरलेल्या. म्हणाली, हात धुऊन या आत, आई.”

सुनंदा रडू लागली. तुपे खिडकीबाहेर बघत राहिले. मी काय करत होतो ते सांगत नाही.

वानखेडे ताई पदराने चष्मा पुसत होत्या. पुसता पुसता एकदम थांबल्या आणि आमच्याकडे बघत म्हणाल्या,

“म्हंजे... मी पणजी झाली का जी?”