मामंजींचं पत्र आणि द्राक्षांच्या पेट्या

सासऱ्यांचं आयुष्यातलं पहिलं छापून आलेलं पत्र मी द्राक्षांच्या पेटीत तळाला घातलं. लग्नाला तीनच महिने झाले होते.

बोरीत कॅथलिक घर एकच, आमचं. फादर मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, यायचे महिन्यातून एकदा, पण चर्चचं साप्ताहिक दर आठवड्याला पोस्टानं यायचं (पोस्टमन आधी स्वतः वाचायचा, ते सोडा!). मामंजी निवृत्त मास्तर. अकरा वर्षं संपादकांना पत्रं पाठवत होते, छापलं एकही नव्हतं. त्या आठवड्यात छापलं! रविवारी फादरना दाखवायचं म्हणून अंक टेबलावर जपून ठेवला.

शुक्रवारी सकाळी बागेतून ह्यांची हाक आली, "अगं, पेट्यांत अंथरायला रद्दी कमी पडतीय!"

मी नवी सून, अंगात उत्साह मावेना. टेबलावरचा सगळा गठ्ठाच नेऊन पेट्यांत अंथरला!

दुपारी मामंजी चष्मा लावून उभे. "सूनबाई, माझा अंक कुठं हाय?"

"मामंजी... तो आळेफाट्याच्या बाजाराला गेला."

"एकटाच?"

"द्राक्षांसंगं."

मग एका मोटारसायकलवर तिघं! पुढं हे, मधे मामंजी, मागं पदर सावरत मी.

आळेफाट्याचा व्यापारी खवळला. "राव, आमी द्राक्षं इकतो, पेपर न्हाई!" तरी आम्ही पेट्या उपसायला लागलो. वधू-वर सापडले, शोकसंदेश सापडले, पोपसाहेब तर तीनदा सापडले. पत्र काही सापडेना. मामंजींचा चेहरा बघवेना, मला रडूच फुटलं.

तेवढ्यात एक हमाल पेटीतला कागद झटकून मोठ्यानं वाचायला लागला, "'संपादक महोदय, गावात ज्यांचं एकच घर, त्यांनी नाताळ साजरा करावा तरी कुणाबरोबर?'"

व्यापाऱ्यानं विचारलं, "मास्तर, हे तुमी लिवलंय?"

मामंजींनी नुसती मान हलवली.

"अवो, मंग आमाला सांगायचं की! येतो आमी!"

रविवारी फादरनी डाग पडलेलं ते पत्र दोनदा वाचलं. मामंजी दिवसभर हवेत! मीही सुटले म्हणून देवाचे आभार मानले. जरा घाईच झाली.

कारण नाताळाला व्यापारी आला, हमाल आले, टेम्पोवाला आला, पोस्टमन तर सहकुटुंब आला. पत्र पेटीत मी घातलेलं, तेव्हा करंज्याही मीच तळल्या. चारशे!

आता साप्ताहिक आलं की मामंजींच्याही आधी मी उघडते. त्यांनी ह्या खेपेला पत्रातून कुणाला जेवायला बोलावलंय, ते बघायला!